मिशन दवाखाना, परदेशी देणगी आणि आपलं गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली या भागात ख्रिस्ती संस्थांच्या पैशातून आरोग्याची आणि विकासाची बरीच कामं चालतात. आम्ही त्याच कामातली माणसं. गावात बैठक लागली की पारावर, अंगणवाडीच्या ओसरीत, ओपीडीच्या रांगेत तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात. काही सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारले जातात, काही बैठक मोडल्यावर चपला घालता घालता हळूच. दोन्ही प्रकारचे इथे घेतले आहेत. काही प्रश्न ज्या शब्दांत आले तसेच ठेवले.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायची आहे, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. हा पैसा देणाऱ्याच्या खिशातून येत असला तरी तो मागितलेला असतो तुमच्या नावानं. तुमच्या गावची बाळंतीण, तुमच्या गावची आटलेली विहीर, तुमच्या गावचा कुष्ठरोगी यांची अवस्था सांगून तो गोळा होतो. त्यामुळे हिशेब विचारायचा पहिला हक्क तुमचाच आहे. कोणी विचारलं तर आम्हाला राग येत नाही. कोणी विचारत नाही तेव्हाच काळजी वाटते.

हा पैसा येते कुठून?

बहुतेकांना वाटतं की अमेरिकेत एखादा मोठा शेठ बसला आहे आणि तो चेक फाडतो. तसं क्वचितच असतं. ब्रिटनमधली ख्रिश्चन एड ही संस्था १९४५ साली, महायुद्धानं उद्ध्वस्त झालेल्या युरोपातल्या निर्वासितांसाठी सुरू झाली. तिथे दरवर्षी मे महिन्यात एक आठवडा स्वयंसेवक घरोघरी पाकिटं वाटतात, लोक जमेल ती रक्कम आत घालतात आणि स्वयंसेवक ती परत गोळा करतात. जर्मनीत कॅथलिक चर्चनं १९५८ साली मिझेरिओर सुरू केली, प्रॉटेस्टंट चर्चनं १९५९ साली ‘जगासाठी भाकरी’ अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली. मिझेरिओरसाठी चर्चमध्ये उपवासकाळात दान गोळा होतं. म्हणजे देणारी माणसं साधी आहेत: पेन्शनवर जगणारी म्हातारी, शाळामास्तर, बस चालवणारा. यांतल्याच एखाद्या संस्थेचा पैसा तुमच्या गावात येतो असं नाही. पण अशा देणग्या कशा जमतात हे कळावं म्हणून सांगितलं.

कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या लेप्रसी मिशनची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. वेलेस्ली बेली हा आयरिश माणूस तेव्हाच्या पंजाबात अंबाल्याला शिक्षक होता. १८६९ मध्ये त्यानं तिथे कुष्ठरोग्यांच्या झोपड्या पाहिल्या, मायदेशी जाऊन लोकांना ते सांगितलं आणि १८७४ मध्ये ही संस्था उभी राहिली. परतवाड्याजवळ कोठाऱ्याचा कुष्ठरोग दवाखाना त्याच संस्थेचा. मेळघाटातले, अचलपूरचे लोक तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात.

आणखी एक सांगायला हवं. आज अनेक मिशन दवाखान्यांचा रोजचा खर्च परदेशी देणगीवर चालत नाही. तो रुग्णांच्या फीवर आणि इथल्याच देणगीदारांवर चालतो. बाहेरचा पैसा येतो तो बहुधा ठरावीक कामापुरता: एखादी इमारत, एखादं यंत्र, गावपातळीवरचा तीन वर्षांचा कार्यक्रम.

दवाखान्यात आलो तं धर्म बदलावा लागते काय?

नाही.

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं, कारण हा विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. आजारी माणूस दुबळा असतो. ज्याचं लेकरू तापानं फणफणलं आहे तो समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणेल. अशा वेळी त्याच्याकडून श्रद्धेचा सौदा करून घेणं हे ख्रिस्ती शिकवणीलाच काळिमा आहे. येशूनं सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीत रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला उचलणारा परक्या जमातीचा आहे. तो जखमा बांधतो, धर्मशाळेत नेतो, खर्चाचे पैसे भरतो आणि निघून जातो. तो त्या माणसाला त्याची जात विचारत नाही, देव विचारत नाही, पुढच्या रविवारी ये असंही सांगत नाही. आमच्या कामाचा पाया ती गोष्ट आहे.

कायद्याचंही पाहा. परदेशी देणगी घ्यायला जी नोंदणी लागते, तिच्या अटींतच लिहिलं आहे की आमिष दाखवून किंवा जबरदस्तीनं धर्मांतर घडवण्याच्या कामाबद्दल संस्थेवर खटला झालेला किंवा शिक्षा झालेली नसावी. १९९४ साली रेड क्रॉस आणि जगभरच्या मदत संस्थांनी मिळून आपत्तीच्या काळातल्या मदतकार्यासाठी एक आचारसंहिता तयार केली. मदत गरज पाहून द्यायची, एखादं राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटायला तिचा वापर करायचा नाही, हे तिच्यात स्पष्ट आहे. तो नियम आम्ही रोजच्या कामालाही लावतो.

संविधानाच्या २५व्या कलमानं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याविषयी बोलण्याचंही स्वातंत्र्य दिलं आहे. आणि धर्म बदलणं ही किती गंभीर, किती विचारानं करायची गोष्ट असते हे विदर्भाला बाहेरून कोणी येऊन शिकवायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ नागपुरात झाला. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि त्यानंतर वीस वर्षांहून जास्त अभ्यास करून पाऊल उचललं. सलाईनच्या बाटलीखाली घेतलेला निर्णय त्या तोलाचा असूच शकत नाही.

एखादा कर्मचारी औषध देताना अशी अट घालत असेल, किंवा तसं सुचवत जरी असेल, तर ते आम्हाला लगेच कळवा. तक्रार कशी करायची ते शेवटी दिलं आहे.

मंग सकाळी प्रार्थना काहून करता?

कारण आमच्यातले बरेच जण ख्रिस्ती आहेत आणि ते लपवायचं आम्हाला काही कारण नाही. बऱ्याच मिशन दवाखान्यांत कामाला लागण्यापूर्वी कर्मचारी प्रार्थना करतात, काही सर्जन शस्त्रक्रियेच्या आधी डोळे मिटून दोन वाक्यं म्हणतात. तुम्ही त्यात सामील व्हावं अशी अपेक्षा नाही. वॉर्डात कोणी तुमच्यासाठी प्रार्थना करू का असं विचारलं तर ‘नको’ म्हणायला कचरू नका. त्यानं गोळ्याही बदलत नाहीत आणि वागणूकही बदलत नाही. तुम्ही उशाशी गजाननमहाराजांचा फोटो ठेवला, तुकडोजी महाराजांची प्रार्थना म्हटली, नमाज पढली, बुद्धवंदना घेतली, तर ती तुमची खाट आहे.

प्रार्थनेनं रोग बरा होते म्हणतात. गोळ्या बंद केल्या तं चालते?

चालत नाही. हे आम्ही श्रद्धावान माणसं म्हणूनच सांगतो आहोत.

क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो आणि तो घरातल्या लहान लेकरांनाही लागू शकतो. मिरगीची गोळी अचानक थांबवली तर झटके उलटून येतात. साखरेच्या इन्सुलिनचं तर विचारूच नका. कुठल्याही धर्माचा माणूस, पास्टर असो, बाबा असो की भगत, ‘आता औषध सोड’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका. रोग चमत्कारानं बरा करतो अशा जाहिराती करण्याविरुद्ध देशात १९५४ पासून कायदा आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. प्रार्थना करा, नवस फेडा, पण गोळी वेळेवर घ्या.

तिथे नोकरी केली किंवा उपचार घेतले तर जातीचा दाखला जातो का?

नाही. उपचार, नोकरी, प्रशिक्षण, बचत गट, कशानंही तुमचा धर्म किंवा जात कागदावर बदलत नाही. स्वतः धर्म बदलल्यावर काय होतं हा वेगळा मुद्दा आहे, तोही सरळ सांगतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. अनुसूचित जमातीला म्हणजे गोंड, कोरकू, कोलाम, माडिया यांना या आदेशातली धर्माची अट लागू नाही.

परदेशातून पैसा येतो हे सरकारला माहीत असतं का?

पै न्‌ पै माहीत असतं. लोकांना वाटतं त्यापेक्षा ही वाट खूप अरुंद आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परदेशी देणगीवर पहिला कायदा १९७६ साली आला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला, त्यालाच सगळे एफसीआरए म्हणतात. केंद्रीय गृह मंत्रालयाकडे संस्थेची नोंदणी असल्याशिवाय किंवा पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय परदेशातून देणगी घेता येत नाही. नोंदणी पाच वर्षांची असते, मग नूतनीकरण. नोंदणी कोणत्या कामासाठी तेही ठरलेलं असतं: सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक, सांस्कृतिक की धार्मिक. सामाजिक कामासाठी आलेला पैसा त्याच कामावर खर्चावा लागतो.

२०२० मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. आता देशभरातल्या प्रत्येक संस्थेचा परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. संस्था धारणीची असो की एटापल्लीची. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि ज्या बदलाचा खेड्यांना सगळ्यात मोठा फटका बसला तो हा: एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी नागपूर-मुंबईच्या मोठ्या संस्था पैसा घ्यायच्या आणि आडवळणाच्या लहान संस्थांना वाटायच्या. लहान संस्थेकडे ना इंग्रजी येणारा हिशेबनीस, ना दिल्लीची वाट माहीत. ती साखळी तुटली. देखरेख हवीच, तिला आमचा विरोध नाही. पण या एका कलमामुळे सगळ्यात दूरच्या पाड्यांवर काम करणारे हात रिकामे झाले असं आमचं स्पष्ट मत आहे.

दरवर्षी ३१ मार्चला वर्ष संपलं की नऊ महिन्यांच्या आत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, सनदी लेखापालानं तपासलेला हिशेब गृह मंत्रालयाकडे भरावा लागतो. शिवाय राज्यात धर्मादाय आयुक्तांकडे वेगळा. नोंदणी गेली की परदेशी पैशावरचं काम त्या दिवशी थांबतं. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं नूतनीकरण डिसेंबर २०२१ मध्ये नाकारलं गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा मिळालं, हे वर्तमानपत्रांत आलंच होतं.

आमच्या गावात चर्च किंवा समाजमंदिर बांधायला यातून पैसे मिळतील का?

आरोग्य आणि विकासाच्या पैशातून नाही. चर्चलाही नाही.

मिशन म्हणता, धर्मादाय म्हणता, मंग फी काहून घेता?

डॉक्टर, नर्स, लॅबवाला यांना पगार लागतो, जनरेटरला डिझेल लागतं, आणि औषध कंपनी मिशन म्हणून उधार देत नाही. फी घेतली नाही तर देणगी आटली त्या वर्षी दवाखान्याला कुलूप लागेल. पण फी नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवणं हे आम्हाला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. धर्मादाय कायद्याखाली येणाऱ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी रेशन कार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. अपघात, अडलेली बाळंतपणं, सर्पदंश अशा वेळी आधी उपचार आणि कागद नंतर, एवढं ठणकावून सांगा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का तेही विचारा. असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकायच्या आधी त्याला भेटा. हे माहीत नसल्यामुळे बैलजोडी विकलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

सरकारी दवाखाना असताना तुमची गरज काय?

जिथे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र नीट चालतं तिथे आमची गरज कमी, आणि तसंच असावं. क्षयाचं, कुष्ठरोगाचं औषध सरकारकडून मोफत मिळतं. क्षयरुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. लसीकरण सरकारचं, आशाताई सरकारची. याला पर्याय उभा करणं हा पैशाचा अपव्यय ठरेल.

आमचं काम फटींमधलं. कुष्ठरोगाचं उदाहरण घ्या. भारतानं डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं आणि कुष्ठरोग गेला असं सगळ्यांनी धरून चाललं. तो गेलेला नाही. चंद्रपूर, गडचिरोलीत आजही नवे रुग्ण निघतात, त्यांत लहान मुलंही असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्याला स्पर्श कळत नाही, खाजत नाही, दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस येत नाही. औषधानं रोग बरा होतो, पण उशीर झाला तर नसा मेलेल्या असतात. मग तळपायाला काटा रुतलेला कळत नाही, चुलीवरचं भांडं हाताला भाजलेलं कळत नाही, आणि जखमा चिघळत जातात. अशा रुग्णाला वर्षानुवर्षं मलमपट्टी, मऊ रबराची खास चप्पल, वाकड्या बोटांची शस्त्रक्रिया आणि समोर बसून बोलणारं माणूस लागतं. गोळ्यांचं पाकीट देऊन हे संपत नाही. इथे ख्रिस्ती संस्थांनी शंभर वर्षांहून जास्त काळ तग धरला आहे.

त्या एकट्याच नाहीत, हेही तितक्याच आदरानं सांगायला हवं. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची स्वतः शुश्रूषा करायचे. अमरावतीचं तपोवन शिवाजीराव पटवर्धनांनी उभारलं, वरोऱ्याचं आनंदवन बाबा आमट्यांनी. कुष्ठरोग्याला हात लावणारी माणसं विदर्भात सगळ्या वाटांनी आली. घरच्यांनी मात्र अजूनही ताट वेगळं ठेवू नये. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं नाही. घरातली मनं बदलायला अजून वेळ लागतो आहे.

दुसरी फट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. लग्न जमवताना पत्रिका पाहिली जाते, रक्त पाहिलं जात नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून कळतच नाही. लग्नाआधी तपासणी करा, ती सरकारी केंद्रात मोफत होते. आमच्या गावबैठकांतला सगळ्यात जास्त वेळ आम्ही या विषयाला देतो, आणि मुलींच्या वसतिगृहांत तर आवर्जून.

तिसरी सर्पदंशाची. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवर चालणारं इंजेक्शन एकच आहे. धानाच्या बांधावर किंवा कापूस वेचताना दंश झाला तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. पाय हलवू न देता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा इंजेक्शन असलेल्या मिशन दवाखान्यात न्या. मण्यारीचा दंश बऱ्याचदा रात्री झोपेत होतो आणि दुखतही नाही, पोटात कळ येते किंवा पापण्या जड होतात. म्हणून जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी नीट खोचून झोपा.

मोठी मशीन आणायच्या सोडून गावच्या बायांच्या ट्रेनिंगवर पैसा काहून लावता?

कारण मशीन गावात येत नाही, बाई गावातच असते.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं. वेल्लोरच्या मिशन मेडिकल कॉलेजात शिकलेले, परदेशातून प्रशिक्षण घेऊन आलेले. त्यांनी गावातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या, बहुतेक दलित आणि गरीब घरातल्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. जुलाबाच्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी, गरोदर बाईची तपासणी, कुष्ठरोग्याची मलमपट्टी, सगळं त्या करू लागल्या. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जग जामखेडला शिकायला आलं.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेच अधिक शास्त्रशुद्ध करून दाखवलं. त्यांची संस्था ख्रिस्ती नाही, पण धडा एकच. गावच्या बाईला नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, तिनं घरीच श्वास मोजला, वजन केलं, जंतुसंसर्ग ओळखून औषध दिलं, आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन बाळ पाहते, त्याचं मूळ इथे आहे.

देणगीदारांना इमारत दाखवता येते, तिच्यावर संगमरवरी पाटी लावता येते. गावच्या बाईनं बाळाचा श्वास मोजायला शिकणं फोटोत येत नाही. म्हणून या कामाला पैसा मिळवणं कठीण असतं आणि म्हणूनच आम्ही त्यासाठी भांडतो.

आरोग्याची संस्था, मंग शेळ्या अन्‌ विहिरी कशाले?

जुलाबावर औषध दर महिन्याला देता येतं किंवा एकदा पाणी नीट करता येतं. ॲनिमियाच्या गोळ्या देता येतात किंवा परसात शेवगा, पालक, घरी अंडं येईल अशी सोय करता येते. सावकाराच्या व्याजानं खचलेल्या माणसाची रक्तदाबाची गोळी काय करणार? बचत गटातून दोन टक्क्यांनी पैसा मिळाला की बाई लेकराला वेळेत दवाखान्यात आणते. हे आम्ही रोज पाहतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वॉर्डात उपचार करणं हे त्याचं शेवटचं टोक आहे. त्याच्या आधी येतं औषधांची मिश्रणं करणं, डोक्याच्या वर गेलेलं दाट पीक, वाऱ्याच्या उलट दिशेनं पंप मारणं, उघडं अंग, आणि रोजीसाठी सलग कितीतरी दिवस फवारणारा मजूर. मजुराला हातमोजे, मास्क आणि दोन फवारण्यांमध्ये सुट्टी मिळावी यासाठी शेतमालकाशी बोलणं हेही आरोग्याचंच काम आहे.

रोख मदत मिळते का?

सहसा नाही. उपचाराचं बिल कमी होतं, औषध मिळतं, प्रवासभाडं काही कार्यक्रमांत मिळतं. ‘परदेशातून तुमच्या नावानं पैसे आलेत, आधी अमुक रक्कम भरा’ असा फोन आला तर तो सायबर चोर आहे, कुठलंही मिशन नाही. ओटीपी देऊ नका.

लेकराचा फोटो काढून परदेशात पाठवतात, ते बरोबर आहे का?

तुमची परवानगी घेतली असेल, फोटो कुठे जाणार हे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं असेल आणि नाही म्हटल्यावर मदत थांबणार नसेल, तरच. तीनपैकी एक जरी नसेल तर चूक.

काही संस्था एका देणगीदाराला एक मूल जोडून देतात. तो महिन्याला पैसे पाठवतो, मूल पत्र लिहितं. यातून शिकलेली मुलं आहेत, ते नाकारता येत नाही. तरी आम्हाला ही पद्धत पटत नाही. एकाच घरातल्या एका पोरीला दप्तर मिळतं, दुसरी पाहत राहते. आणि वाट बंद झाली की ओझं मुलावर येतं. कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकी संस्था मार्च २०१७ मध्ये परवानगीच्या प्रश्नावरून भारतातून निघून गेली, तेव्हा पत्रं लिहिणाऱ्या हजारो मुलांना ते समजावून सांगणं सोपं नव्हतं. पैसा शाळेला, वसतिगृहाला, गावाला यावा, एका चेहऱ्याला चिकटून येऊ नये.

बायबलात म्हटलंच आहे की उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये. चादर वाटताना म्हातारीला कॅमेऱ्याकडे पाहायला लावणं त्यात बसत नाही. कोणी तसं करायला लावलं तर चादर घ्या आणि फोटोला नाही म्हणा.

भारत आता गरीब देश नाही म्हणतात. मग बाहेरचा पैसा कशाला?

हा प्रश्न आता देणारेही विचारतात. ब्रिटन सरकारनं भारताला दिली जाणारी पारंपरिक आर्थिक मदत २०१५ मध्ये थांबवली. अनेक चर्च संस्थांनी भारतातला हात आखडता घेतला आणि तोच पैसा आफ्रिकेकडे वळवला. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. इथल्या पैशानं इथलं काम व्हावं हेच योग्य.

अडचण एवढीच की देश श्रीमंत झाला तरी भामरागडचा रस्ता तसाच राहू शकतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, पण त्यातही कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. जिथे कारखाना नाही तिथे हा पैसा सहसा पोचत नाही. म्हणून आम्ही आता नागपूर, अमरावती, पुण्यातल्या नोकरदार वैदर्भीय लोकांकडे मागतो. गाव सोडून गेलेल्यांनी गावच्या उपकेंद्रासाठी महिन्याला थोडं दिलं तरी एका कार्यकर्तीचं मानधन निघतं.

प्रकल्प बंद झाला तं आमचं काय?

बहुतेक अनुदानं तीन वर्षांची असतात, कधी पाचची. हे पहिल्याच बैठकीत सांगितलं गेलं पाहिजे. शेवटच्या वर्षी गाडी येणं बंद होईल, कर्मचारी जातील. मागे काय उरेल हे त्याच बैठकीत विचारा. शिकलेली बाई उरते. बँकेत स्वतःचं खातं असलेला गट उरतो. हातपंप दुरुस्त करता येणारा गावचाच माणूस आणि सुटे भाग घेण्यापुरती पाणी समितीची पट्टी उरते. यांतलं काहीच उरणार नसेल तर तो कार्यक्रम गावानं नाकारलेला बरा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावात बाहेरच्या कोणालाही आधी ग्रामसभेसमोर बोलावं लागतं. प्रत्येक गावानं तेवढा मान स्वतःला द्यावा.

आमच्या गावाला हे काम पाहिजे. काय करायचं?

सरपंचाच्या लेटरहेडवर अर्ज येतात. त्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव आणा, बायांच्या सह्या असलेला. गावात किती गरोदर बाया, किती जुने रुग्ण, पाणी कुठून येतं, पावसाळ्यात कोणत्या नाल्यावर वाट तुटते एवढं एका कागदावर लिहा. आशाताईकडे यातलं बरंचसं आधीच नोंदलेलं असतं. गाव स्वतः काय देणार तेही लिहा: जागा, श्रमदान, कार्यकर्तीला बसायला खोली. हो-नाही सांगायला वेळ लागतो, कारण पैसा आधी मागावा लागतो आणि मग येतो.

हिशेब मागायचा किंवा तक्रार करायची तर कुठे?

आधी संस्थेच्या प्रमुखाला लेखी द्या आणि पोच घ्या. वार्षिक अहवाल आणि तपासलेला हिशेब मागा. मराठीत मागा, इंग्रजी कागद हातात ठेवला तर समजावून सांगायला गावात या म्हणा. उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. संस्थेचा नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो, तो सोबत न्या. खासगी विश्वस्त संस्थेला माहिती अधिकार सहसा थेट लागू होत नाही, पण धर्मादाय कार्यालयात तिनं दाखल केलेल्या कागदांसाठी त्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो. परदेशी पैशाबद्दल शंका असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाकडे लिहा.

तक्रार पैशाची नसून वागणुकीची असेल, म्हणजे मुलीशी, बाईशी, रुग्णाशी कोणी गैर वागलं असेल, तर संस्थेच्या उत्तराची वाट पाहू नका, सरळ पोलीस ठाण्यात जा. लहान मुलांच्या बाबतीत १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. अर्ज लिहून द्यायला कोणी नसेल तर ग्रामपंचायतीतला संगणक चालक किंवा शाळेतले गुरुजी लिहून देतात. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर तारीख घाला.